तो एक फोटो राहू द्यावा



२६ जानेवारीला झेंडावंदन आणि कवायत झाली की आमच्या सातवीच्या वर्गाने केलेला 'मातीचा बैल' हा चित्रपट मोठ्या खोलीत दाखवायचा आहे. चित्रपट ५२ सेकंदांचा आहे. गोष्टीचे पुस्तक उघडून पहिले पान वाचेपर्यंत तो संपतोही. पण त्यातल्या एका फोटोवरून आमच्यात गेले पंधरा दिवस भांडण चालू आहे. गुरुजी म्हणाले, "भांडू नका, मत लिहा. भिंतीवर लावू. ज्याला पटेल त्याला पटेल." म्हणून हे माझे मत लिहितो आहे. गुरुजींनी आणखी एक सांगितले की भांडणाचे लिहिताना कुणाचे नाव घालू नये. तेव्हा नावे लिहिलेली नाहीत. नावे चित्रपटाच्या शेवटी आहेत, ती तेथे वाचावीत.

आधी चित्रपट कसा केला ते सांगतो. कारण काही पालकांना वाटते की आम्ही दोन महिने शाळेत मोबाईल खेळत होतो. मागच्या सभेत एक काका तसे बोललेसुद्धा.

चित्रपटात बैल चालतो. पण खरे म्हणजे तो चालत नाही. तो मातीचा आहे. त्याला पाटावर ठेवायचे, सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, एक फोटो काढायचा. मग बैल बोटभर पुढे सरकवायचा, पुन्हा हात मागे, पुन्हा फोटो. असे फोटो भराभर एकामागून एक दाखविले की डोळे फसतात आणि बैल आपला आपण चालल्यासारखा दिसतो. थिएटरातल्या चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. आम्ही प्रथम १२ धरली. वर्गातल्या एकीने फळ्यावर गुणाकार केला, एका मिनिटाला ७२० फोटो! सगळे गप्प बसले. मग ८ धरली आणि मिनिटही थोडे कमी केले. एकूण ४३७ फोटो काढले. हललेले, सावली पडलेले आणि कोंबडी मध्ये आलेले २१ काढून टाकले. राहिले ४१६. भागाकार करून पाहा, बरोबर ५२ येतात.

गोष्ट लहानच आहे. पोळ्याला मुले तळ्याच्या काळ्या मातीचे बैल करतात. पोळा झाला की ते बैल कोनाड्यात पडून राहतात. आमचा बैल कोनाड्यातून उतरतो, चालत शेतात जातो, पाऊस येतो, बैल विरघळतो आणि त्या मातीतून हरभरा उगवतो. बस्स, एवढेच.

आता बैलाकडे येतो. पहिला बैल मी केला. मला वाटले बरा झाला. त्याला सरकवत सरकवत आम्ही तीस फोटो काढले आणि लावून पाहिले, तर बैल बर्फावरून घसरावा तसा चालला. पाय हलेनात. सगळे हसले. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी म्हणाली, "बैल असा चालतो व्हय? ह्यो तर पाट सरकायलाय."

ही मुलगी वर्गात फार बोलत नसे. तिच्या घरी खिल्लारी बैलजोडी आहे. तिने खडू घेतला आणि फरशीवर चार पाय काढले. म्हणाली, "आधी मागचा डावा उचलतो, मग पुढचा डावा. मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. आणि पुढचा पाय उचलला ना, की मागचा त्याच्याच ठशाजवळ पडतो." आम्हांला खरे वाटेना. आम्ही सगळे खेड्यातली मुले, बैल रोज पाहतो, पण त्याचे पाय कोणी पाहिले होते? मधल्या सुट्टीत सगळी फौज रस्त्यावर गेली. एक बैलगाडी आली. आम्ही गाडीबरोबर वाकून वाकून चाललो. गाडीवान दादा म्हणाले, "काय हरवलं रं?" तिचे बोलणे तंतोतंत खरे निघाले. गुरुजींनी नंतर सांगितले की १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या माणसाने घोड्याच्या वाटेवर बारा कॅमेरे ओळीने मांडून तो पळताना पाय कसे टाकतो ते पाहिले होते. तिला कॅमेरा लागला नव्हता.

मग तिनेच तोड काढली. मातीच्या बैलाचे पाय हलत नाहीत, तर चार बैल करावेत. एकाचा मागचा डावा पाय पुढे, दुसऱ्याचा पुढचा डावा पुढे, असे चार. एक उचलायचा, त्याच जागी पुढचा ठेवायचा. पाहणाऱ्याला एकच बैल दिसेल. नुसती काळी माती वाळली की तडकते, म्हणून तिने तीत शेण आणि कापूस मळला. तीन बैल एका मापाचे झाले. चौथा करताना माती जास्त झाली आणि तो लठ्ठ झाला. त्यामुळे चित्रपटात आमचा बैल दर चौथ्या पावलाला जरा फुगतो. आपण हसलात तरी चालेल, आम्हीही हसतो.

बाकीच्या अडचणी लिहीत बसलो तर भिंत पुरणार नाही. तरी दोन सांगतोच. पहिली उन्हाची. सूर्य काही आपल्यासाठी थांबत नाही. दहा वाजता काढलेल्या फोटोत सावली डावीकडे, दुपारी उजवीकडे. मध्येच ढग आला की फोटो काळा. लावून पाहिले तर वीज चमकल्यासारखे उघडझाप, उघडझाप. मग खिडक्या लावून दिव्याखाली काढू म्हटले, तर एका खिडकीला दारच नाही. तेथे आमचा एक मित्र घोंगडी धरून उभा राहिला. एक दिवस नव्हे, अकरा दिवस. त्याचे तोंड खिडकीकडे, पाठ आमच्याकडे. आत काय चालले आहे ते त्याला दिसत नसे. तो फक्त विचारी, "झालं का?" आणि आम्ही म्हणायचो, "थांब."

दुसरी अडचण मोबाईलची. तो गुरुजींचा. विटांच्या चवडीवर रबराने बांधलेला. कोणाचा फोन आला की तो थरथरे आणि जागेवरून हले, की त्या दिवसाचे काम वाया. शेवटी गुरुजी तो विमानातल्यासारखा बंद करून देऊ लागले. जागा भरली तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरचे फोटो संगणकावर हलवून आम्हांला जागा करून दिली. मोबाईलचे बटण दाबण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे बाहेरचा कोणी आला की मलाच शाबासकी मिळे. 'वा, तू काढलास होय!' मी काही बोलत नसे. हे बरे केले नाही. घोंगडीवाल्याने एकदा रागाने घोंगडी खाली टाकली आणि म्हणाला, "उद्या तू धर, मी बटण दाबतो." मी धरली. अर्ध्या तासात हात खाली आले. तेव्हापासून मी शाबासकी घेताना जरा मागे बघतो.

आता मुद्द्याचे.

दिवाळीच्या आधी ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या. बैल ज्यांनी केले तिच्या घरचीही गाडी निघाली. आमच्या भागात हे नवीन नाही, दर वर्षी पटावरची मुले अशी कमी होतात. काही आजीआजोबांजवळ राहतात. हिची आजी थकलेली, शिवाय तिकडे धाकट्या भावाला कोप्यावर सांभाळायला कोणीतरी हवे. गुरुजी दोनदा घरी जाऊन आले. शेवटी त्यांनी तिला शिक्षण हमी पत्रक भरून दिले, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता यावे. निघायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. त्या दिवशी पावसाचे फोटो काढायचे होते. बैल एकदाच विरघळणार, चुकले तर पुन्हा नाही. विरघळायला लठ्ठ बैल दिला. डब्याला खिळ्याने भोके पाडून थोडे थोडे पाणी, एक फोटो, थोडे पाणी, एक फोटो. सगळा चिखल झाल्यावर तिने ओटीतून भिजवलेले हरभरे काढले आणि त्यात खोचले. उगवलेले तिने पाहिले नाहीत. ते आम्ही आठ दिवस, दिवसाला पाच असे चाळीस फोटो काढून पाहिले. चित्रपटात ते पाच सेकंदांत उगवतात.

बैलही तिच्याबरोबर गेले. आम्हांला बैलाच्या घुंगुरमाळेचा आवाज हवा होता, तो घ्यायचा राहूनच गेला. मग शेळीच्या गळ्यातली घंटी वाजवली. टापांना दोन करवंट्या. माझ्या आजोबांना चित्रपट दाखवला तेव्हा ते पहिल्यांदा हेच म्हणाले, "बैलाला शेळीची घंटी कुणी बांधली?"

नंतर फोटो नीट लावताना २११ नंबरचा फोटो सापडला. सत्ताविसाव्या सेकंदातला तिसरा. त्यात बैल आहे आणि बैलाच्या वशिंडावर तिचा हात आहे. मनगटापर्यंत माती, आणि एक हिरवी बांगडी. बैल बांधावर चढतो तिथला तो फोटो. तिचा हात बाजूला व्हायच्या आत मी बटण दाबले होते. "अरे थांब की!" असे ती म्हणाली होती, मला आठवते. तो फोटो त्याच वेळी पुसायचा, तो पुसायचा राहिला.

आम्ही नऊ जण. काही म्हणतात, काढून टाका. तीन म्हणतात, राहू द्या. एक म्हणतो, मला काही कळत नाही, तुम्ही भांडा. मी राहू द्या म्हणणाऱ्यांतला आहे.

काढा म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी नीट लिहितो, नाहीतर ते म्हणतील आमचे लिहिलेच नाही. पहिले म्हणणे असे की चूक ती चूक. शुद्धलेखनात चूक झाली तर आपण खोडतो की नाही? खरे आहे. पण खोडण्यासारख्या २१ चुका आम्ही खोडल्या. हलला, काळा पडला, कोंबडी आली. हा फोटो हललेला नाही, काळा नाही. माझी वेळ चुकली, फोटो चुकला नाही.

दुसरे म्हणणे, ठेवायचा तर मग सगळ्यांचे हात ठेवा. हे बोलणे घोंगडीवाल्याचे, आणि त्याचा हक्क मला मान्य आहे. पण २६ तारखेला आपण आठ जण पुढे उभे राहणार. लोक टाळ्या वाजवणार, तोंडे पाहणार, 'हा अमक्याचा मुलगा ना' म्हणणार. ती त्या वेळी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असेल नाहीतर भावाला खेळवत असेल. तिचे काय दिसणार?

तिसरे म्हणणे, तिचे नाव शेवटी आहेच. आहे. नऊ नावे पटावरच्या क्रमाने, तीन सेकंद. पण माझ्या आजीला वाचता येत नाही. येथे आलेल्या काही आयांनाही येत नसेल, यात लाजण्यासारखे काही नाही. त्यांना ती नावे म्हणजे पाटीवरच्या रेघा. हात मात्र त्यांना ओळखता येईल.

चौथे म्हणणे सर्वांत जड आहे आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. ते असे की या सगळ्या खटाटोपाचा उद्देशच बैल आपोआप चालतो आहे असे वाटावे हा. लहान मुले तोंड उघडे टाकून बघतात. त्यात मध्येच हात दिसला की जादू मोडली. हे म्हणणारी मुलगी हिशोबाच्या वहीत एकूण एक फोटो नोंदणारी आहे, तिने सर्वांत जास्त वेळा चित्रपट पाहिला आहे. मी तिला एवढेच म्हणालो की आठातला एक फोटो म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळ. बहुतेकांना दिसणारही नाही. माझ्या आजोबांना दिसला नाही, त्यांचे लक्ष घंटीवर होते. त्यावर ती म्हणाली, "दिसतच नाही तर ठेवायचा कशाला?" मला बोलता आले नाही.

मग मी गुरुजींकडून एक गोष्ट ऐकली आणि मला थोडे बोलता येऊ लागले. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत लोकांनी पाहिला. त्याच्याही आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ थोडी थोडी टिपली होती आणि तो लोकांना भराभर वाढताना दाखवला होता. म्हणजे आमचा हरभरा काही पहिला नव्हे! पुढे १९१५ साली त्यांनी आगकाड्या अशाच सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. मातीचे बैल सरकवताना आम्हांला वाटत होते आम्हीच काही नवे काढले. तर या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. फिल्मला कडेने भोके पाडणे, ती औषधात धुणे, वर माणसांना जेवू घालणे, सगळे त्यांनी केले. आगकाड्यांचा तो चित्रपट आज पाहायला मिळत नाही, त्याची प्रत उरलेली नाही. 'हरिश्चंद्र' थोडासा उरला आहे. गुरुजींनी तो दाखवला. त्यात राजा आहे, राणी आहे, तिचे कामसुद्धा पुरुषानेच केलेले आहे. सरस्वतीबाईंचा हात कुठे दिसतो का ते मी दोनदा पाहिले. दिसणार कसा? त्या कामाचा तो नियमच नाही.

मी असे म्हणत नाही की मोठ्या माणसांनी आपल्या चित्रपटांत हात दाखवावेत. त्यांचे ते जाणोत. आमचा शाळेचा चित्रपट आहे, तिकीट नाही. ४१५ फोटोंत बैल आपोआप चालतोच आहे. एका फोटोत तो कुणामुळे चालतो ते दिसले तर बिघडले कुठे?

एवढे भांडून झाल्यावर घोंगडीवालाच म्हणाला, "अरे, जिचा हात तिला विचारलं का कुणी?" खरेच, कोणी विचारले नव्हते. आम्ही आठ जण तिच्या हातावरून पंधरा दिवस भांडलो आणि ती बाजूलाच. गेल्या रविवारी गुरुजींनी तिच्या वडिलांना फोन लावला. त्यांचा बटणांचा फोन आहे, त्यावर चित्रपट जात नाही. तेव्हा मी तिला तोंडीच सांगितले की असा असा फोटो आहे, काढावा की ठेवावा.

पलीकडे गाड्या भरण्याचा आवाज येत होता. तिने विचारले, "बांगडी दिसती का?"

म्हटले, दिसते. हिरवी.

"ती फुटली इथं." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पण चूक माझ्या नावावर घालू नका. लोक म्हणतील हिला हात काढायचं बी कळत नव्हतं. मी थांब म्हणलं होतं, ह्यानंच बटण दाबलं, असं लिवा."

म्हणून येथे सर्वांसमक्ष लिहितो की २११ नंबरच्या फोटोत जी चूक आहे ती बटण दाबणाऱ्याची आहे. तिने थांब म्हटले होते.

येत्या शनिवारी वर्गात पुन्हा मते घ्यायची आहेत. 'मला कळत नाही' म्हणणारा आता राहू द्या म्हणतो. हिशोबाची वही लिहिणारी अजून तिच्या मतावर ठाम आहे आणि तिचे मतही पुढच्या आठवड्यात याच भिंतीवर लागणार आहे, तेही वाचावे. माझ्यापेक्षा तिचे अक्षर चांगले आहे.

फोन ठेवायच्या आधी तिने आणखी एक विचारले होते, हरभरे किती उगवले. मी सांगितले, सातातले पाच. आणि मग म्हणाली, "चौथा बैल लई जाड दिसतो का रं?"